प्रतिभा, अभ्यास आणि गहाण पडलेले घर

दरवर्षी 15 जानेवारीला, खाशाबा जाधवांच्या जन्मदिनी, राज्यातल्या महाविद्यालयांतून क्रीडा दिन साजरा होतो. प्रतिमेला हार, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे आणि भाषण. भाषण कोणीही करो, त्यात दोन वाक्ये हमखास असतात. पहिले, खेळाडू हा जन्मावाच लागतो. दुसरे, मेहनतीला पर्याय नाही. ही वाक्ये एकमेकांना छेद देतात, हे ना वक्त्याच्या ध्यानात येते ना श्रोत्यांच्या. सभागृह दोन्ही वाक्यांना सारख्याच टाळ्या देते. आमचे म्हणणे असे की दोन्ही वाक्ये सारखीच फसवी आहेत, आणि फसवी असूनही ती टिकून राहिली याचे कारण ती सोयीची आहेत. कोणाच्या सोयीची, ते पुढे येईलच.

मराठी शिकवणाऱ्यांनी या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. क्रीडा संचालक आहेत, त्यांनी लिहावे. परंतु हा वाद मुळात आपल्याच अभ्यासपत्रिकेतला आहे. 'काव्यहेतू' या प्रकरणावर आपण वर्षानुवर्षे टिपणे उतरवून देतो आणि दहा गुणांचा प्रश्न काढतो. कवी जन्मतो की घडतो? दंडी म्हणतो, पूर्वसंस्कारातून आलेली प्रतिभा नसली तरी अध्ययनाने आणि यत्नाने उपासलेली वाग्देवता काही ना काही कृपा करतेच. जगन्नाथपंडित प्रतिभा हेच एकमेव कारण मानतो. मम्मट शक्ती, निपुणता आणि अभ्यास अशा तीन गोष्टी सांगतो. इथवरचे विद्यार्थी पाठ करतात. पण मम्मटाने 'हेतू' हा शब्द एकवचनी ठेवला आहे. तिन्ही मिळून एक कारण. तीन स्वतंत्र कारणे नव्हेत. शक्तीला साठ टक्के, अभ्यासाला चाळीस टक्के असा हिशेब तिथे संभवतच नाही. शिवाय अभ्यास म्हणजे त्याच्या लेखी एकट्याने घाम गाळणे नव्हे. काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणुकीखाली केलेला तो अभ्यास. म्हणजे दुसरा माणूस मम्मटाच्या कारणातच बसलेला आहे. आणि जगन्नाथाचे उत्तरही आपण अर्धेच शिकवतो. प्रतिभा हे एकमेव कारण असे म्हटल्यावर तो पुढे त्या प्रतिभेचेही कारण सांगतो: क्वचित दैवी वा थोर पुरुषाची कृपा, क्वचित असाधारण व्युत्पत्ती आणि अभ्यास. प्रतिभावाद्यांचा हा मेरुमणीसुद्धा प्रतिभा घडू शकते असे मानतो. आपले क्रीडा दिनाचे वक्ते मात्र त्याच्याही पुढे गेलेले आहेत.

आता खाशाबांकडे येऊ. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. वडील पैलवान, घरात कुस्ती. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता. मातीत वाढलेला हा गडी तिथे गादीवर लढला, आणि मातीतली कुस्ती व गादीवरची कुस्ती यांत केवळ पायाखालच्या पृष्ठभागाचा फरक नसतो. मातीत कुस्ती चितपटीवर सुटते. गादीवर वेळ मोजलेला असतो, गुण मोजले जातात, आणि पाठ न लावताही कुस्ती जिंकता वा हरता येते. जे अंग मातीत कमावले त्याला गादीवर दुसरे व्याकरण शिकावे लागते. खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. पुढची चार वर्षे त्यांनी हे व्याकरण शिकण्यात घालवली, आणि 1952 साली हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

या दोन ऑलिंपिकांच्या मध्ये जे घडले ते भाषणांत 'हृद्य आठवण' म्हणून येते. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. वर्गणी गोळा झाली ती पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. ही हकिकत सांगताना वक्त्याचा आवाज जरासा ओला होतो आणि तो लगेच पुढच्या मुद्द्याकडे, म्हणजे खाशाबांच्या जिद्दीकडे, वळतो. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. खर्डेकरांचे घर हा या कथेतला अलंकार नाही; तो हेतू आहे. ते काढून घ्या, खाशाबांची ताकद तीच ठेवा, डाव तेच ठेवा, जिद्दही तीच ठेवा: पदक नाही. असा मल्ल गोळेश्वरात राहिला असता, जत्रेतल्या कुस्त्या मारून नारळ आणि फेटा घेऊन घरी आला असता, आणि आपण त्याला 'पंचक्रोशीतला नामांकित पैलवान' म्हटले असते.

याच कथेचा आणखी एक तुकडा भाषणांत क्वचितच येतो. हेलसिंकीत जपानच्या इशीशी दीर्घ झुंज झाल्यावर खाशाबांना जवळजवळ लगेचच सोव्हिएत मल्ल ममेदबेयोव याच्याविरुद्ध उतरावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांतीचा नियम होता, परंतु तो बोट ठेवून दाखवील असा भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता, असे त्यांच्या चरित्रपर लेखनातून वारंवार नोंदलेले आहे. इशीला सुवर्ण, ममेदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. म्हणजे पदकाचा रंग ठरवण्यात एका गैरहजर माणसाचाही हात असावा. नियमावली वाचलेला, आखाड्याच्या कडेला उभा राहून हुज्जत घालणारा माणूस ही काही काव्यमय गोष्ट नाही. तिच्यावर कोणी पोवाडा रचणार नाही. पण श्रेष्ठ खेळाडू 'घडतो' म्हणजे काय काय घडते याची यादी करायची तर त्या माणसाला वगळता येत नाही.

त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी देशाला 1996 पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, वाट पाहावी लागली. महाराष्ट्राला तर 2024 पर्यंत: पॅरिसमध्ये राधानगरी परिसरातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळवले तेव्हा खाशाबांच्या पदकाला बहात्तर वर्षे झाली होती. खेळाडू जन्मावाच लागतो असे ज्यांना वाटते त्यांना आमचा साधा प्रश्न आहे: या बहात्तर वर्षांत या राज्यात कोणी जन्मलेच नाही काय? कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढला आणि रेल्वेच्या नोकरीत राहून नेमबाजी करत होता. बंदूक आणि काडतुसे कोणाच्या जन्माबरोबर येत नाहीत.

इथे कोणी सचिन तेंडुलकरचे नाव घेईल, कारण 'देव' या उपाधीने हा वाद कायमचा मिटला असे पुष्कळांना वाटते. मिटला नाही, तो नुसता झाकला गेला. मराठीच्या एका प्राध्यापक-कवीच्या घरातला हा मुलगा. थोरल्या भावाने, अजितने, त्याला रमाकांत आचरेकरांकडे नेले. सरांच्या सांगण्यावरून शाळा बदलली. वांद्र्याहून रोज शिवाजी पार्कला येण्याजाण्यात शीण होतो म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. हे सारे त्याने स्वतः कृतज्ञतेने सांगितलेले आहे. भक्तांनी मात्र ते गाळले, कारण देवाला काका-काकू असून चालत नाही. ज्या काकूने पहाटे उठून त्या मुलाचा डबा केला असेल तिचे स्थान आपल्या क्रीडावाङ्मयात कोणते? तळटीपेतही नाही.

आणि विनोद कांबळी? गुरू तोच, शाळा तीच. फेब्रुवारी 1988 मधली 664 धावांची भागी दोघांची, आणि तीत कांबळीच्या धावा जास्त, नाबाद 349. पुढे 1993 साली लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके. सतरा कसोट्यांत चोपन्नहून अधिक सरासरी, आणि 1995 नंतर एकही कसोटी नाही. यावर आपल्याकडे एक नीतिकथा तयार आहे: एकाकडे शिस्त होती, दुसऱ्याकडे नव्हती. आम्ही या कथेतला शिस्तीचा भाग नाकारत नाही. आम्हाला एवढेच दिसते की ही कथा दोन मुलांना दोन सुट्या बियांसारखी वागवते आणि जमिनीविषयी गप्प बसते. कांजूरमार्गच्या वस्तीतून गच्च भरलेल्या लोकलने किट घेऊन येणारा मुलगा आणि मैदानापासून चालत घरी जाणारा मुलगा यांच्या दिवसांत काही तासांचे अंतर होते. त्या तासांनी सारे ठरवले असे आम्ही म्हणत नाही. ते तास हिशेबात धरायलाच नकोत, असे मात्र नीतिकथा म्हणते.

आता दुसऱ्या वाक्याकडे, मेहनतीकडे. या वाक्याला अलीकडे परदेशी प्रमाणपत्रही मिळाले आहे. दहा हजार तास सराव करा, कोणीही श्रेष्ठ होतो, असे आता प्रेरणादायी व्याख्यानांतून सांगितले जाते. या आकड्याचे मूळ अँडर्स एरिक्सन आणि त्यांचे सहकारी यांच्या 1993 सालच्या शोधनिबंधात आहे. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा तो अभ्यास. त्यांतल्या उत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजारांवर तास एकट्याने सराव केला होता. सरासरी, म्हणजे काहींनी त्याहून कमी. 2008 साली माल्कम ग्लॅडवेल यांनी त्याचा 'नियम' केला, आणि आपल्या मूळ म्हणण्याचा हा विपर्यास आहे असे एरिक्सन यांना पुढे सांगावे लागले. त्यांच्या लेखी मोजणी तासांची नव्हती, विशिष्ट प्रकारच्या सरावाची होती: जाणत्या शिक्षकाने नेमून दिलेला, चुकीवर नेमके बोट ठेवणारा, कंटाळवाणा सराव. मम्मटाची 'काव्यज्ञशिक्षा' बर्लिनमध्ये सापडली, आणि विमानतळावरच्या पुस्तकाच्या दुकानात येईपर्यंत तिच्यातला शिक्षक गळून गेला, नुसते तास उरले.

पुढचे संशोधन तर या तासांना अधिकच अडचणीचे ठरले. मॅकनमारा, मोरो आणि हॅम्ब्रिक यांनी 2016 साली खेळांतल्या सरावाविषयीचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. एकूण खेळाडूंच्या कामगिरीतल्या तफावतीपैकी सुमारे 18 टक्के तफावत सरावाने समजावता येत होती. फक्त श्रेष्ठ खेळाडूंची आपापसांत तुलना केली तेव्हा हा आकडा एका टक्क्यावर आला. त्या पायरीवर सगळेच मेहनती असतात. मेहनत हा तिथे भेदक गुण उरतच नाही. अंतिम फेरीत आठवा आलेला धावपटू कमी घाम गाळून आठवा आलेला नसतो. त्याला 'मेहनतीला पर्याय नाही' हे ऐकवणे हा क्रूरपणा आहे.

मग उरलेले काय? जन्मवादी लगेच म्हणतील, पाहा, शेवटी रक्तच. शरीराचे महत्त्व आम्हाला अमान्य नाही. ठेंगण्या माणसाला सराव उंच करत नाही. फिनलंडचा स्कीपटू ईरो मँटिरांटा याच्या रक्तात एका जनुकीय बदलामुळे तांबड्या पेशी असाधारण प्रमाणात होत्या, आणि त्याने 1960 च्या दशकात ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. पण त्याच्या घराण्यातल्या इतर अनेकांच्या रक्तातही तोच बदल आढळला, आणि ते सारे काही ऑलिंपिकविजेते नव्हते. बीज होते, बर्फ, स्की आणि प्रशिक्षक यांनी ते मोजक्यांच्याच बाबतीत पूर्णपणे रुजवले.

समाजशास्त्रज्ञ डॅनियल चॅम्ब्लिस यांचा 1989 सालचा जलतरणपटूंवरचा निबंध आम्हाला या बाबतीत अधिक भावतो, कदाचित तो साहित्याच्या विद्यार्थ्यासारखा बारकावे वाचतो म्हणून. त्यांचे निरीक्षण असे की वरच्या पातळीचा पोहणारा खालच्यापेक्षा अधिक पोहत नाही, वेगळे पोहतो. हाताचा कोन वेगळा, सरावाकडे पाहण्याची दृष्टी वेगळी. कोणी पाहत नसतानाही प्रत्येक वळण नियमाबरहुकूम. छोट्या छोट्या, शिकता येण्याजोग्या, मुळीच दिव्य नसलेल्या सवयींची ती बेरीज असते. 'प्रतिभा' हे नाव आपण ती बेरीज झाल्यावर, पदक गळ्यात पडल्यावर, मागाहून चिकटवतो. गाथा वाचून झाल्यावर तुकोबांना 'उपजत कवी' म्हणणे सोपे असते, तसेच हे. पण या सवयी लागतात कुठे? ज्या तलावावर त्या आधीपासून रुजलेल्या असतात, तिथे. तिथवर पोचायला कोणीतरी मुलाला पहाटे गाडीवर बसवून न्यावे लागते.

आपल्याकडचे उदाहरण अविनाश साबळेचे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये 2022 साली राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि 2023 साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवून आला. जुलै 2024 मध्ये त्याने पॅरिसला 8 मिनिटे 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला. वर्तमानपत्रांनी एक तपशील उचलून धरला: लहानपणी तो रोज सहा किलोमीटर शाळेत पायी जाई. झाले, कारण सापडले! अहो, आष्टी-पाटोद्याकडे शाळेत पायी जाणाऱ्या मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. पायपिटीने धावपटू होत असते तर मराठवाडा आजवर केनियाच्या पुढे गेला असता. साबळे बारावीनंतर लष्करात गेला, सियाचीनला राहिला, आणि शर्यतीकडे वळला तो लष्करातच. स्टीपलचेस तर त्याहूनही नंतर. तिथे त्याला पगार होता, खुराक होता, प्रशिक्षक होता, आणि धावणे हेच त्याचे काम ठरवणारा हुकूम होता. त्याची सहनशक्ती त्याची स्वतःचीच, त्याबद्दल वाद नाही. पण सहा किलोमीटरची गोष्ट लिहून आपण दारिद्र्यालाच प्रशिक्षक ठरवतो, आणि एकदा दारिद्र्य हाच प्रशिक्षक ठरला की ते दूर करण्याची घाई कोणालाच उरत नाही.

ही सोय कोणाची, ते आता सांगतो. आमची. महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांची.

आमच्यापैकी एकाच्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक मुलगी होती. लांब पल्ल्याची धावपटू. पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पळायची, मग पहिल्या एसटीने यायची, आणि पहिल्या तासाला मागच्या बाकावर पेंगायची. आम्ही तिला एकदा वर्गाबाहेर काढले होते. आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्रीच्या दिवशीच आमच्या विषयाची अंतर्गत चाचणी आली. ती विचारायला आली तेव्हा 'नियम सगळ्यांना सारखा' असे आम्ही म्हटले, आणि म्हणताना आपण न्यायी आहोत असेही वाटले. तिने चाचणी दिली. पुढच्या सत्रात हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली म्हणून तिच्या वडिलांना बोलावणे गेले, आणि त्या कागदावर सही आमची होती. वर्षअखेर ती पोलीस भरतीची तयारी करू लागली. तिथे मुलींना आठशे मीटर धावावे लागते. लांब पल्ल्याची मुलगी आठशे मीटरचा सराव करू लागली, कारण त्या आठशे मीटरांच्या शेवटी पगार होता. त्याबद्दल तिला कोण बोल लावील? स्टाफरूममध्ये विषय निघाला तेव्हा आमच्यापैकीच एकजण म्हणाला, 'तिच्यात ते नव्हतेच.'

'ते' म्हणजे काय, हे त्या वेळी कोणी विचारले नाही. त्या एका सर्वनामाने केवढे काम केले! चाचणीची तारीख, पहिली एसटी, उपाशीपोटी केलेला सराव, हजेरीपट, आमची सही, सगळे त्या सर्वनामात मावले आणि दिसेनासे झाले. ती पुढे आली असती तर आम्ही सत्कार केला असता आणि म्हटले असते, उपजतच होते तिच्यात. ती मागे पडली तेव्हा म्हटले, नव्हतेच. दोन्ही वाक्यांत आम्ही कुठेच नाही. प्रतिभेचा सिद्धांत तिच्याविषयी काही सांगत नव्हता, तो आम्हाला त्या गोष्टीतून बाहेर काढत होता. मेहनतीचा सिद्धांतही तेच करतो, फक्त दुसऱ्या दाराने.

यावर मित्र म्हणतील की प्रत्येक प्राध्यापक खर्डेकर होऊ शकत नाही. खरेच आहे, आमची घरे आधीच बँकेकडे गहाण आहेत. पण त्या मुलीला सात हजार नको होते. चाचणी चार दिवस पुढे हवी होती. असेही म्हणतील की उद्या प्रत्येकजण खेळाडू असल्याचे सांगून चाचणी चुकवील. चुकवू द्या दोघातिघांना. आजवर ना धड खेळलेल्या ना धड शिकलेल्या मुलांना आपण गुणपत्रिका दिल्याच आहेत.

खाशाबांविषयी एक गोष्ट राहिली. हेलसिंकीहून परतल्यावर, मिरवणूक संपल्यावर, त्यांनी कुस्तीचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि त्या उत्पन्नातून खर्डेकरांचे गहाण घर सोडवले. 1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. 1984 साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळायला मृत्यूनंतरही दीड दशक जावे लागले. 15 जानेवारीच्या भाषणासाठी आम्ही या खेपेस हे मुद्दे लिहून दिले होते. वक्त्यांनी वेळेअभावी शेवटचे पान गाळले.

या वर्षीही क्रॉसकंट्री आणि आमची अंतर्गत चाचणी एकाच आठवड्यात येत आहेत. चाचणीची तारीख पुढे न्यावी असा अर्ज आम्ही परीक्षा समितीकडे दिला आहे. अर्जावर 'अभ्यासमंडळाच्या निर्णयासाठी' असा शेरा पडला असून बैठकीची तारीख अद्याप कळलेली नाही.